शर्तीच्या जागेवरील घराचे मूल्यांकन : सोलापुरातील एका कार्यालयाचा अनुभव

विजापूर रस्त्यावरील एका जुन्या गृहनिर्माण संस्थेत आमच्या वडिलांनी १९७१ साली बांधलेले बैठे घर आहे. घराखालची जमीन शासनाने १९६८ मध्ये संस्थेला दिलेली असल्यामुळे महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम २९ नुसार तिचा धारणाधिकार भोगवटादार वर्ग-२ असा आहे. म्हणजे जमीन वंशपरंपरेने आमच्याकडे राहू शकते, परंतु सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून ती विकता येत नाही. बोलताना आपल्याकडे तिला सरळ ‘शर्तीची जागा’ म्हणतात. वडील गेल्यानंतर घर धाकट्या भावाने ठेवावे आणि पुण्याच्या ताईला व मला आमच्या हिश्श्याची रक्कम द्यावी, असे आम्हा तिघांचे एकमताने ठरले. रक्कम किती, या प्रश्नावर मात्र ते एकमत आठवडाभरही टिकले नाही, आणि त्यातूनच आम्ही सात रस्त्याच्या परिसरातील एका नोंदणीकृत मूल्यांकनकाराच्या कार्यालयात पोहोचलो. हा अभिप्राय त्या कार्यालयाच्या कामाविषयी आहे. त्यात काही तक्रारीही असल्यामुळे नाव दिलेले नाही.

त्यापूर्वी एक मूल्यांकन झालेले होते. भावाला कर्ज काढूनच आमचे पैसे द्यायचे असल्याने त्याने बँकेत चौकशी केली होती आणि बँकेच्या यादीवरील एक गृहस्थ येऊन वीस मिनिटांत घर मोजून गेले होते. त्यांनी भिंतीवर लेझरचा ठिपका टाकला, चार छायाचित्रे घेतली, पुढच्या रस्त्याची रुंदी विचारली आणि तिसऱ्या दिवशी ९६ लाख रुपयांचा अहवाल दिला, ज्यात धारणाधिकाराच्या रकान्यात ‘मालकी हक्काची’ असे लिहिलेले होते. मालमत्ता पत्रकावर वर्ग-२ असे स्वच्छ छापलेले असताना हे कसे लिहिले गेले, हे आम्हाला अद्याप कळलेले नाही. बँकेच्या वकिलाने तो अहवाल परत पाठवला आणि आमच्या हातात ९६ लाख हा आकडा तेवढा उरला. घरात एकदा आकडा शिरला की तो बाहेर काढणे फार कठीण असते. ताईने त्याला तीनने भागून ३२ लाख ही रक्कम मनात धरलीही होती. खरे सांगायचे तर मीही धरली होती.

दुसऱ्या कार्यालयात गेल्यावर पहिली गोष्ट जाणवली ती ही, की त्यांनी क्षेत्रफळ विचारलेच नाही. जमीन देतानाचा मूळ आदेश, संस्थेचे वाटपपत्र, संस्थेबरोबर झालेला करार, मंजूर नकाशा आणि नगर भूमापनाचे मालमत्ता पत्रक, या क्रमाने त्यांनी कागद मागितले. आमच्याकडे मालमत्ता पत्रक आणि महापालिकेच्या कराच्या पावत्या एवढेच होते. मालमत्ता पत्रकावर जमीन कोणत्या वर्गाची आहे हे कळते, पण शर्ती नेमक्या कोणत्या, परवानगी कोणी द्यायची, विक्री झाल्यास वाढीव किमतीतील किती हिस्सा शासनाला द्यायचा आणि शर्तभंग झाल्यास काय होईल, हे मूळ आदेशातच असते, आणि त्यावाचून केलेले मूल्यांकन अंदाजपंचे ठरेल, असे त्यांनी सांगितले. आदेश हाती येईपर्यंत त्यांनी घर पाहायलाही येण्याचे नाकारले. त्या क्षणी हे मला आडमुठेपणाचे वाटले होते. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून नक्कल मिळण्यास सोळा दिवस लागले आणि दहा दिवसांत मिळणार होता तो अहवाल सत्ताविसाव्या दिवशी हातात पडला. विलंबाचा दोष त्यांचा नव्हता, पण दहा दिवसांचा शब्द देताना कागद मिळाल्यापासून दहा दिवस, असे त्यांनी आधी स्पष्ट करायला हवे होते.

मेच्या पहिल्या आठवड्यात, ऊन चढण्याआधी, सकाळी सात वाजता ते स्वतः आणि त्यांचे एक सहायक घर पाहायला आले. दोन तास थांबले. शेजारच्या आजोबांशी सहायकाने तेलुगूत गप्पा सुरू केल्या आणि चहा संपेपर्यंत गल्लीत कोणते घर कोणी, केव्हा आणि खरोखर कितीला घेतले याची अशी माहिती मिळवली की जी कोणत्याही इंडेक्स टूवर, म्हणजे विक्रीच्या सरकारी नोंदीच्या उताऱ्यावर, सापडली नसती. सोलापुरात हे काम करणाऱ्याला मराठी, तेलुगू आणि कन्नड या तिन्ही भाषा याव्यात, हे माझे मत त्या सकाळी पक्के झाले.

याच भेटीत आमची एक अडचणही उघड झाली. फाटकाजवळ शहाबादी फरशीखाली काँक्रीटचा एक जुना चौथरा आहे. तो कशाचा, असे त्यांनी विचारले. भावाने तिथे पूर्वी झेरॉक्सचे छोटे दुकान चालवले होते आणि २००९ मध्ये ते बंद केले होते. निवासी वापराच्या शर्तीवर मिळालेल्या जमिनीवर दुकान म्हणजे शर्तभंग, मग ते आठ फुटांचे का असेना. ही गोष्ट अहवालात लिहू नका, असे आम्ही तिघांनीही आपापल्या परीने सुचवून पाहिले. त्यांनी ती लिहिली. दुकान बंद आहे, बांधकाम काढलेले आहे आणि त्याबाबत कोणतीही नोटीस आल्याचे आढळले नाही, एवढ्या तीन गोष्टी जोडून त्यांनी नोंद कायम ठेवली. पुढे जमीन शर्तमुक्त म्हणजे वर्ग-१ करण्याचा अर्ज केला तर स्थळपाहणीत ती बाब निघणारच आहे आणि तेव्हा अहवालात तिचा उल्लेख नसणे अधिक महागात पडेल, हे त्यांचे म्हणणे होते. त्या दिवशी राग आला होता, आता येत नाही.

अहवालाचा सर्वांत उपयुक्त भाग म्हणजे त्यातील शर्तींची छाननी. आमच्या कागदांत एकूण आठ शर्ती निघाल्या. पाच शासनाच्या आदेशातील आणि तीन संस्थेच्या करारातील. सामान्य माणूस या सगळ्यांना एकाच मापाने मोजतो आणि एकतर सगळ्यांना घाबरतो किंवा सगळ्यांकडे दुर्लक्ष करतो. त्यांनी प्रत्येक शर्त कोणावर बंधनकारक आहे, ती जमिनीबरोबर पुढील खरेदीदाराकडे जाते की मूळ सभासदापुरतीच आहे, तिची मुदत संपली आहे का, ती पैसे भरून उठवता येते का आणि ती असल्यामुळे खरेदीदार किती कमी देईल, हे वेगवेगळे पाहिले. तीन वर्षांच्या आत घर बांधण्याची शर्त १९७१ मध्येच पूर्ण झाली होती, म्हणून तिचे मूल्य शून्य धरले. हस्तांतरणाच्या शर्तीबाबत ताईने एक बिनतोड वाटणारा मुद्दा काढला होता. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १० प्रमाणे विकण्यास पूर्णतः मज्जाव करणारी अट निरर्थक ठरते, मग ही शर्त मुळात धरायचीच कशाला? त्यावर अहवालात दिलेले उत्तर थोडक्यात असे, की येथे हस्तांतरणाचे बंधन कोणा खासगी विक्रेत्याने खतात घातलेले नसून जमीन महसूल अधिनियमानेच वर्ग-२ च्या धारणाधिकाराला जोडलेले आहे, आणि ते विक्री कायमची बंद करत नाही, तर परवानगीच्या अधीन ठेवते. म्हणून कलम १० येथे कामी येत नाही. कायद्याचा हा अर्थ आपण वकिलाकडून तपासून घ्यावा, असेही त्यांनी खाली लिहिले, आणि ते योग्यच आहे, कारण मूल्यांकनकाराने वकील होऊ नये.

संस्थेच्या शर्ती खासगी करारातील होत्या आणि त्यांचा विचार वेगळ्या रीतीने केला गेला. सभासद होण्यास पात्र असलेल्या व्यक्तीलाच विक्री करावी, ही अट ऐकायला मोठी वाटते, आणि सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या अशा उपविधींना किती जोर असतो हे सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ मधील झोरोॲस्ट्रियन सोसायटीच्या निकालापासून ठाऊक आहे. सभासदत्व पारशांपुरतेच ठेवणारा उपविधी त्यात वैध ठरला होता. परंतु आमच्या संस्थेत जात, धर्म, व्यवसाय असे कोणतेही बंधन नाही, आणि हस्तांतरणाबद्दल संस्था घेऊ शकेल त्या अधिमूल्याला राज्य शासनाच्या ऑगस्ट २००१ च्या आदेशाने महापालिका क्षेत्रात २५,००० रुपयांची कमाल मर्यादा आहे. एवढ्या किमतीच्या घरात ही रक्कम किरकोळ असल्याने या अटीसाठी त्यांनी तेवढेच पैसे गृहीत धरले आणि पुढे गेले.

खरा प्रश्न होता तो ‘तळमजला आणि त्यावर एकच मजला’ या अटीचा. २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनंतर आमच्या रस्त्यावर पूर्वीपेक्षा जास्त चटईक्षेत्र मिळू शकते, म्हणून बिल्डर मंडळी अशा भूखंडांकडे डोळे लावून असतात आणि तीन मजल्यांच्या हिशेबाने भाव सांगतात. महापालिकेचा नियम जास्त बांधण्यास मुभा देतो, पण त्यामुळे खतातील अट आपोआप गळून पडत नाही. दोन्हींपैकी जी अधिक कडक असेल तिच्यानुसार घराचे मूल्य ठरते, हा मुद्दा त्यांनी पानभर समजावला आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ४० मुळे जमिनीच्या वापरावरील असे बंधन, त्याची माहिती असलेल्या खरेदीदाराविरुद्धही शेजारच्या सभासदांना बजावता येते. गल्लीत दोन घरांत दवाखाना आणि क्लासेस चालतात हे खरे. पण कोणी हरकत घेतलेली नाही म्हणजे अट संपली असे नव्हे, आणि अशा घरांच्या विक्रीची किंमत तुलनेसाठी वापरणे म्हणजे दुसऱ्याच्या शर्तभंगाचा नफा आपल्या खात्यात जमा करणे होय, अशा आशयाचे एक वाक्य अहवालात आहे. ते मला फार आवडले.

आता आकड्यांकडे येते, कारण या सेवेची परीक्षा तिथेच होते. भूखंड ३०० चौरस मीटरचा आहे. शर्तमुक्त असता तर त्याला चौरस मीटरला ३०,००० रुपये म्हणजे ९० लाख मिळाले असते, हे त्यांनी परिसरातील व्यवहारांवरून काढले. ११० चौरस मीटरच्या घराला नव्याने बांधण्याचा खर्च १८,००० रुपये दराने धरून, ७० वर्षांचे आयुष्य व १० टक्के भंगारमूल्य मानून, ५४ वर्षांचा घसारा वजा जाता सहा लाख उरले. बेरीज ९६ लाख. म्हणजे वीस मिनिटांत मोजून गेलेल्या गृहस्थांचा आणि यांचा आकडा शर्तीपर्यंत तंतोतंत सारखा होता! भिंती मोजण्यात पहिल्यांचेही काही चुकले नव्हते.

यापुढे अनेक जण ठोक टक्केवारी वापरतात. वर्ग-२ आहे ना, मग पंचवीस टक्के कमी करा, असे सांगणारे दोन एजंट मला याच शहरात भेटले. पंचवीसच का, तेहेतीस का नाहीत, याला त्यांच्याकडे उत्तर नव्हते. या कार्यालयाने वेगळी वाट धरली. शर्त उठवायला किती पैसे आणि किती वेळ लागेल, हेच तिचे मोल, असे मानून त्यांनी दोन मार्गांचा हिशेब मांडला. एक, अनर्जित उत्पन्नातील, म्हणजे जमिनीच्या आपोआप वाढलेल्या किमतीतील, शासनाचा हिस्सा भरून विक्रीची परवानगी घेणे आणि दुसरा, त्यासाठीच्या नियमांनुसार शासनाला नजराणा भरून जमीन वर्ग-१ मध्ये आणणे. आमच्या बाबतीत दुसरा मार्ग स्वस्त निघाला. नजराणा, मोजणी आणि कागदपत्रे मिळून नऊ लाख रुपये, आणि ते सावधगिरीने आजच भरावे लागतील असे धरलेले. भविष्यात भरावयाची अशी रक्कम आजच्या मूल्यातून वजा करणे कितपत मान्य आहे, या शंकेला त्यांनी सर्वोच्च न्यायालयाच्या १९७७ मधील संपत्ती करावरील सिकंद खटल्याचा दाखला दिला आहे. दिल्लीतील एका भाडेपट्ट्याच्या भूखंडावर, विक्री झाल्यास अनर्जित वाढीचा निम्मा हिस्सा सरकारला द्यावा अशी अट होती, आणि मूल्य काढताना तो निम्मा हिस्सा वजा केलाच पाहिजे, असे न्यायालयाने म्हटले होते. भाडेपट्टा आणि भोगवटा यांत फरक आहे हे मान्य करूनही तर्क तोच राहतो. दाखला चपखल आहे.

वेळेचा हिशेब मात्र पहिल्या मसुद्यात चुकला होता, आणि तो ताईच्या नजरेतून सुटला नाही. तिची उभी नोकरी हिशेब तपासण्यात गेली आहे. प्रक्रियेला दीड वर्ष लागेल आणि वर्षाला दहा टक्के दराने ९० लाखांचे आजचे मूल्य ७८ लाख होते, इथपर्यंत ठीक. पण या दीड वर्षात घर काही रिकामे पडून राहत नाही. परवानगीपूर्वी खरेदीदाराला ताबा देता येत नसला, तरी विकणारा त्यात राहतोच आहे, आणि महिना १२,००० रुपये भाड्याच्या हिशेबाने हा उपभोग सव्वादोन लाखांच्या घरात जातो, तो कुठे गेला? तिने हे फोनवर विचारले. पलीकडे थोडा वेळ शांतता होती, असे ती सांगते. दोन दिवसांनी दुरुस्त पान आले, त्यात या उपभोगाचे आजचे मूल्य म्हणून दोन लाख मिळवलेले होते, आणि सोबतच्या पत्रात मुद्दा आपल्याकडून राहून गेल्याची सरळ कबुली होती. चूक निघाली याबद्दल मी एक गुण कमी करते आणि कबुलीबद्दल तो परत देते.

अशा रीतीने जमिनीचे ७८ अधिक दोन वजा नऊ, म्हणजे ७१ लाख, आणि घराचे सहा मिळून ७७ लाख झाले. इथे थांबायला हवे होते, असे माझे मत आहे. पण त्यांनी ‘खरेदीदारांचा संकोच’ या मथळ्याखाली आणखी पाच टक्के कापले आणि अंतिम मूल्य ७३ लाखांवर आणले. शर्तीच्या जागेला गिऱ्हाईक कमी, बँका कां-कूं करतात, म्हणून हे कापणे आवश्यक आहे, असे त्यांचे स्पष्टीकरण. कारण पटते, आकडा पटत नाही. वेळेसाठी लावलेल्या दहा टक्क्यांच्या दरातच ही जोखीम काही अंशी आलेली आहे, मग ती पुन्हा का मोजायची? आणि पाचच टक्के कुठून आले, याला अहवालात एकाही व्यवहाराचा आधार नाही. ठोक टक्केवारी नको म्हणणाऱ्याने शेवटी ठोक टक्केवारीच लावावी, हे मला खटकले. मी हे लेखी कळवले. त्यांनी व्यावसायिक निर्णय असे उत्तर दिले आणि आकडा बदलला नाही.

याला एक कारण आहे, आणि ते त्यांच्या हातात नव्हते. तुलनेसाठी मिळालेले व्यवहार अगदी थोडे होते. चार विक्रीखते त्यांनी तपासली. त्यांपैकी एक सख्ख्या भावांमधील असल्याने बाद केले, दोन शर्तमुक्त जागांची होती आणि नुकतीच वर्ग-१ झालेली जागा एकच सापडली. वर्ग-२ असताना परवानगी घेऊन विकलेले एकही घर त्या परिसरात मिळाले नाही. हे त्यांनी लपवले नाही, ही जमेची बाजू.

ज्यांना कराचाही विचार करायचा आहे त्यांनी अहवालाचे पुढचे प्रकरण नीट वाचावे. १ एप्रिल २०२५ पासून रेडी रेकनरचे, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी शासनाने ठरवलेल्या जमीन-घरांच्या किमतींच्या तक्त्याचे, दर वाढले, तेव्हा राज्यात सर्वाधिक म्हणजे १०.१७ टक्के वाढ सोलापूर महापालिका क्षेत्रात झाली. हा तक्ता विभाग आणि रस्ता पाहतो, तुमच्या खतातली अट पाहत नाही. या तक्त्यानुसार आमच्या घराचे मूल्य, म्हणजे मुद्रांक मूल्य, मार्चपर्यंत ७६ लाख होते, ते आता ८४ लाखांच्या आसपास गेले. तेव्हा लागू असलेल्या आयकर अधिनियम, १९६१ च्या कलम ५०सी प्रमाणे मुद्रांक मूल्य प्रत्यक्ष किमतीच्या ११० टक्क्यांपर्यंत असेल तर प्रत्यक्ष किंमत मान्य होते, त्याहून जास्त असेल तर मुद्रांक मूल्यच विक्रीची किंमत समजले जाते. ७३ लाखांचे ११० टक्के म्हणजे ८० लाख ३० हजार. मार्चमध्ये आम्ही या सीमेच्या आत होतो, एप्रिलमध्ये बाहेर पडलो! अशा वेळी मुद्रांक मूल्य खऱ्या बाजारमूल्यापेक्षा जास्त आहे असा दावा करून प्रकरण आयकर खात्याच्या मूल्यांकन अधिकाऱ्याकडे पाठवण्याची मागणी करता येते, आणि तेव्हा शर्तींचा रुपयांत मांडलेला हिशेब हाच आपला आधार असतो. ‘वर्ग-२ असल्याने कमी’ एवढे लिहिलेला अहवाल तिथे टिकणार नाही.

याच संदर्भात भावाने एक विनंती केली होती, जी या शहरात सर्रास केली जात असावी. भांडवली नफ्यासाठी १ एप्रिल २००१ चे मूल्य लागते. ते जास्त दाखवले तर कर कमी होतो. तेव्हा २००१ चे मूल्य शर्तीविना आणि आजचे शर्तीसह काढावे, असे त्याने सुचवले. उत्तर मिळाले, “शर्त १९६८ ची आहे. दोन तारखांना दोन चष्मे लावता येणार नाहीत.” शिवाय २००१ चे मूल्य त्या दिवशीच्या मुद्रांक मूल्यापेक्षा जास्त धरता येत नाही, हा २०२० चा बदलही त्यांनी दाखवून दिला. भाऊ गप्प बसला.

बँकेसाठी त्यांनी वेगळे परिशिष्ट दिले, आणि तिथे एक असा प्रश्न हाताळला जो मला पूर्वी सुचलाच नव्हता. कर्ज थकले आणि बँकेने घर लिलावात काढले, तर शर्त खरेदीदाराच्या मानेवर राहते की सुटते? अमेरिकेत परवडणाऱ्या घरांच्या खतांत पुनर्विक्रीच्या किमतीवर मर्यादा घालतात, आणि तेथील फॅनी मे या गृहकर्ज संस्थेचा दंडक असा आहे, की जप्तीबरोबर मर्यादा संपत असेल तर मूल्य मर्यादेविना काढावे आणि जप्तीनंतरही ती टिकत असेल तर तिचा परिणाम धरून काढावे. आपल्याकडे जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ३६ मध्ये वर्ग-२ च्या भोगवटादाराला बँका व सहकारी संस्थांकडे जमीन गहाण ठेवण्याची आणि थकबाकीत त्यांना ती विकण्याची वाट ठेवलेली आहे. पण गहाण ठेवता येणे म्हणजे जमीन वर्ग-१ होणे नव्हे, म्हणून बँकेसाठीही शर्तीसह मूल्यच योग्य, असा त्यांचा निष्कर्ष आहे. भावाच्या बँकेने तो विनातक्रार स्वीकारला.

बाकी सोयी-गैरसोयींबद्दल थोडक्यात लिहिते. शुल्क १४,००० रुपये आणि त्यावर जीएसटी. अर्धे आधी, अर्धे अहवालाबरोबर. पावती मिळाली. शुल्क आधीच ठरवले होते आणि मूल्य कमी-जास्त झाल्याने ते बदलणार नव्हते. कार्यालय दुसऱ्या मजल्यावर असून लिफ्ट नाही, गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी फोन करून सहायकाला खाली बोलवावे, तो येतो. अहवाल ३१ पानांचा आणि संपूर्ण इंग्रजीत. ज्या कागदावर घरातील भावंडांचे हिस्से ठरणार, तो कागद घरातल्या प्रत्येकाला वाचता आला पाहिजे, असा आग्रह धरल्यावर दोन पानांचा मराठी सारांश मिळाला. तो चांगला आहे, पण मागावा लागला. चतुःसीमांमध्ये पूर्व आणि पश्चिम यांची अदलाबदल झाली होती, ती दाखवल्यावर त्याच दिवशी दुरुस्त केली. छायाचित्रे स्पष्ट आहेत. शेवटची तीन पाने ‘आम्ही कशाला जबाबदार नाही’ यांनी भरलेली आहेत, आणि त्यांचा टाइप इतका बारीक आहे की ती वाचली जाऊ नयेत अशीच इच्छा असावी.

जुळे सोलापुरात किंवा होटगी रस्त्यावर शर्तमुक्त जागेवर फ्लॅट असेल आणि केवळ कर्जासाठी कागद हवा असेल, तर या कार्यालयात जाऊन एवढा वेळ आणि पैसा घालवण्याचे कारण नाही. पण जमीन वर्ग-२ असेल, भाडेपट्ट्याची असेल, किंवा खतात कोणी विक्रीवर, मजल्यांवर वा वापरावर अट घालून ठेवली असेल, तर जावे. जाताना मूळ आदेशाची नक्कल आधीच काढून न्यावी, म्हणजे आमचे गेले तसे सोळा दिवस जाणार नाहीत. आणि मसुदा आल्यावर हिशेबाचे प्रत्येक पान स्वतः तपासावे. घरात एखादी ताई असेल तर तिच्याकडून.

या अहवालाने माझ्या हिश्श्यातून साडेसात लाखांहून अधिक रक्कम कमी केली. ३२ लाखांऐवजी २४ लाख ३३ हजार माझ्या वाट्याला येतात. तरीही त्या पाच टक्क्यांचा अपवाद वगळता प्रत्येक रुपया कुठे गेला हे मला सांगता येते. त्या पाच टक्क्यांवर आम्हा भावंडांची चर्चा अजून चालू आहे. ताई ७७ लाखांवर ठाम आहे, भाऊ ७३ वर, आणि मी ७५ म्हणत असल्याने दोघेही माझ्यावर नाराज आहेत. अहवालाची मुदत सहा महिन्यांची आहे. त्यानंतर नवीन दरांनुसार सुधारित प्रत हवी असल्यास चार हजार रुपये पडतील, असे त्यांनी आधीच कळवून ठेवले आहे.